दलित ख्रिस्ती : श्रद्धा, आपलेपणा आणि पाठ न सोडणारी जात



१० ऑगस्ट हा दिवस देशभरातील दलित ख्रिस्ती संघटना 'काळा दिवस' म्हणून पाळतात. १९५० साली याच तारखेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते. आपल्यापैकी अनेक तरुणांना हे ख्रिस्ती समाजाचे वेगळे दुखणे वाटते. पण याच परिच्छेदामुळे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धही केंद्राच्या सवलतींबाहेर फेकले गेले आणि १९९० पर्यंत, म्हणजे तब्बल ३४ वर्षे, बाहेरच राहिले. आपल्यासाठी दार उघडले, त्यांच्यासाठी ते अजून बंद आहे.

आंबेडकरी चळवळीत दलित ख्रिस्तींविषयी बोलणे फार कमी होते. जे होते ते बहुतेक दोन टोकांचे असते. एक म्हणजे 'ते तर मिशनऱ्यांच्या जिवावर सुखात आहेत', आणि दुसरे म्हणजे 'धर्म बदलूनही त्यांना काय मिळाले?' या दोन्ही वाक्यांच्या मध्ये दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. ज्या श्रद्धेने समता देऊ केली तिथेही जात पोहोचली, तरीही हे लोक त्या श्रद्धेत टिकून आहेत. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी या लेखात इतिहास, चर्चमधील वास्तव, बाबासाहेबांची चिकित्सा आणि कायद्याची स्थिती एकत्र मांडली आहे.

कोण आहेत दलित ख्रिस्ती?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या २.३ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे १० लाख ८० हजार, एक टक्क्याहून थोडी कमी. जनगणनेत ख्रिस्तींची जात नोंदवली जात नसल्याने त्यातले दलित किती, याचा अधिकृत आकडा नाही. मात्र भारतीय ख्रिस्ती समाजाचा फार मोठा हिस्सा पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य आणि आदिवासी समाजांतून आलेला आहे, याबद्दल अभ्यासकांमध्ये दुमत नाही. तामिळनाडूत परैयर, आंध्र-तेलंगणात माला व मादिगा, केरळात पुलय व परय, ओडिशात पाण, पंजाबात चुहडा आणि महाराष्ट्रात महार व मांग या समाजांतून लोक ख्रिस्ती झाले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. वसईचे कॅथॉलिक, मुंबईचे ईस्ट इंडियन, गोव्याहून आलेले कुटुंब आणि नगर-जालन्याकडचा मराठी प्रोटेस्टंट यांचा इतिहास वेगवेगळा आहे. या लेखाचा संबंध मुख्यतः या शेवटच्या समाजाशी, म्हणजे गावकुसाबाहेरून चर्चमध्ये गेलेल्यांशी आहे.

नगर जिल्ह्यातील सुरुवात

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) केंद्र उभे राहिले. नगरमध्ये सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा होत्या. जोतीराव फुले यांनी त्या पाहिल्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामात त्यांची प्रेरणा मान्य केली. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. १८४२ पासून निघू लागलेल्या 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकाने १८५५ मध्ये एक ऐतिहासिक लेखन छापले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण अस्पृश्यांच्या मनात धर्माचा प्रश्न कसा उभा राहत होता, हे त्या निबंधातून कळते. बाबासाहेबांच्या येवल्याच्या घोषणेआधी ८० वर्षे एक मुलगी विचारत होती की, ज्या धर्मात आम्हाला जागाच नाही तो आमचा कसा?

सुरुवातीला मिशनऱ्यांचे लक्ष वरच्या जातींवर होते. ब्राह्मण ख्रिस्ती झाले की बाकीचा समाज मागोमाग येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. वरच्या जातींतून मोजकेच लोक आले. प्रत्यक्षात ख्रिस्ती होण्याची ओढ दिसली ती महारवाड्यात आणि मांगवाड्यात. तिथे माणसे एकेकटी न येता कुटुंबांनी आणि भावकीने आली. एक कुटुंब ख्रिस्ती झाले की त्याचे सोयरे झाले, मग शेजारच्या गावातले नातेवाईक झाले. समाजशास्त्रात याला समूह-धर्मांतर म्हणतात. या धर्मांतराने माणूस आपल्या माणसांपासून तुटत नाही. भावकी, सोयरीक, वस्ती तीच राहते. पुढे जात टिकून राहिली त्याचे एक कारण हेही आहे, आणि आपलेपणा टिकला त्याचेही.

दुष्काळ आणि 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा

१८७६-७८ चा दुष्काळ दख्खनसाठी महाभयंकर होता. त्यानंतर नगर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पुन्हा तेच घडले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि इतर भागांतून उपासमारीत सापडलेल्या मुली व विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या त्या याच काळात.

तेव्हापासून 'भाकरीसाठी बाटलेले' हा टोमणा या समाजाला चिकटला तो आजतागायत. त्यात अर्धे सत्य आहे. दुष्काळात मिशनने धान्य दिले, रस्त्याची व बांधकामाची कामे काढली, अनाथ मुलांना वसतिगृहात घेतले, हे खरेच. पण गावाने त्या वेळी काय केले, हा प्रश्न टोमणा मारणारा विचारत नाही. बलुत्यावर जगणाऱ्या माणसाच्या घरी सर्वांत आधी चूल विझते. शेतकऱ्याच्या खळ्यात दाणा नसला की महार-मांगाच्या वाट्याला काहीच उरत नाही. पाणवठा तर आधीपासूनच बंद. अशा वेळी ज्याने हात धरला त्याच्या देवाला माणूस आपला म्हणतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शिवाय पाऊस पडल्यावर, धान्यवाटप थांबल्यावरही अनेक कुटुंबे ख्रिस्तीच राहिली. केवळ भाकरीसाठी आलेला माणूस पाच पिढ्या थांबत नाही.

चर्चने काय दिले?

पहिली गोष्ट म्हणजे अक्षर. गावातल्या छोट्या मिशन शाळेत महाराचे पोर पाटीवर लिहू लागले. त्यातूनच शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, पाळक, 'बायबल बाई' म्हणून घरोघर जाऊन शिकवणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांनी दलित मुलींना परिचर्येचे शिक्षण घेण्याची वाट दाखवली. ज्या मुलीच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, ती रुग्णालयात पाटलाच्या जखमेवर पट्टी बांधू लागली. याचे सामाजिक मोल मोठे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. गावात 'दगड्या', 'धोंड्या' अशा हाका ऐकणाऱ्याला बाप्तिस्म्याच्या वेळी शास्त्रातले नाव मिळाले आणि ते नाव पाळकाने नोंदवहीत लिहिले. 'अरे-तुरे' ऐकत आलेल्या माणसाला रविवारी तरी कोणी 'बंधू' म्हणू लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे जमणे. रविवारची उपासना, मुलांची शब्बाथशाळा, स्त्रियांची सभा, नाताळचे नाटक, घरोघर होणाऱ्या प्रार्थना, आजारी माणसाच्या उशाशी बसणे, मयतीला धावून जाणे. मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजने होतात, ख्रिस्ती कीर्तने होतात. या परंपरेला नारायण वामन टिळकांनी मोठे बळ दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्ती संतपरंपरेच्या भाषेत आणली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त शिवाशिवीचे संस्कार एका ब्राह्मण स्त्रीच्या मनातून कसे हळूहळू गळून पडले, ते प्रामाणिकपणे आले आहे.

सामाजिक काम करताना वस्त्यांमध्ये फिरले की एक गोष्ट लक्षात येते. हंगामी मजुरी, कर्ज, नवऱ्याचे व्यसन, आजारपण यांत पिचलेल्या बाईला दर आठवड्याला तिचे नाव घेऊन प्रार्थना करणारी दहा माणसे भेटतात, तेव्हा तिला एकटे वाटत नाही. त्या प्रार्थनेने कर्ज फिटते की नाही, हा वेगळा मुद्दा. पण आपल्याला कोणीतरी विचारते, ही जाणीव वाईट दिवसांत माणसाला उभे ठेवते. आपल्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या आयाबायांना हे वेगळे सांगायला नको.

एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. मराठी ख्रिस्ती इतिहास म्हटला की बाबा पदमनजी, रमाबाई, टिळक ही नावे पुढे येतात. ती मोठीच माणसे आहेत. पण ज्या महार-मांग कुटुंबांनी चर्च प्रत्यक्ष उभे केले आणि टिकवले, त्यांची नावे चर्चच्या नोंदवहीपलीकडे फारशी गेली नाहीत.

चर्चमधली जात

भारतातील चर्चमध्ये जात चोरपावलांनी शिरली असे म्हणता येत नाही. काही ठिकाणी तिला मानाने आत घेतले गेले. १६०६ मध्ये मदुराईला आलेले जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट दी नोबिली यांनी ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतला, वरच्या जातींसाठी वेगळे राहणीमान ठेवले आणि जात ही सामाजिक रीत आहे, धर्माशी तिचा संबंध नाही, अशी भूमिका घेतली. गोव्याच्या कॅथॉलिक समाजात बामण, चारडो, सुदीर असे भेद शतकानुशतके राहिले. लग्न जमवताना ते आजही डोके वर काढतात.

तामिळनाडूत तर काही चर्चमध्ये दलितांसाठी बसायची वेगळी जागा होती, काही ठिकाणी वेगळी स्मशानभूमी. तिरुचिरापल्लीत ख्रिस्ती दफनभूमीत दलित व बिगरदलित मृतांमध्ये भिंत उभी होती, तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. २००८ मध्ये विल्लुपुरम जिल्ह्यातील एरैयूर येथे दलित कॅथॉलिकांनी भेदभावाला कंटाळून स्वतंत्र धर्मग्रामाची मागणी केली. त्यावरून वन्नियार ख्रिस्तींशी संघर्ष झाला आणि पोलीस गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही बाजू एकाच येशूला मानणाऱ्या होत्या. तमिळ लेखिका बामा यांचे 'करुक्कु' हे १९९२ चे आत्मकथन याच अनुभवातून आले. दलितांची सेवा करण्यासाठी त्या जोगीण झाल्या आणि मठातही जात पाहून बाहेर पडल्या.

केरळात पोयकयिल योहन्नान यांनी चर्चमधील भेदभाव पाहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'प्रत्यक्ष रक्षा दैव सभा' ही स्वतंत्र चळवळ उभी केली. आमच्या पूर्वजांच्या गुलामीची कथा तुमच्या कोणत्याच ग्रंथात का नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२१ मध्ये ते त्रावणकोरच्या श्रीमूलम प्रजासभेचे सदस्य झाले.

महाराष्ट्रात प्रोटेस्टंट चर्चमधील बहुसंख्य सभासदच दलित असल्याने भेदाचे रूप वेगळे आहे. इथे पाणवठ्याचा प्रश्न चर्चच्या आत फारसा नव्हता. पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक होते का, मंडळीच्या पंचकमिटीवर कोण असते, मिशनच्या जमिनी व संस्थांचा कारभार कोणाच्या हातात असतो, हे प्रश्न अस्वस्थ करणारे आहेत. आणि चर्चच्या फाटकाबाहेर पडताच गावासाठी तो माणूस पुन्हा पूर्वीच्याच जातीचा असतो. घर भाड्याने मागताना आडनाव विचारले जाते, धर्म नाही.

चर्चने हे नाकारत राहण्याऐवजी मान्य करायला वेळ लावला, पण मान्य केले. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याची कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित. भारतात ख्रिस्ती धर्म येऊन कित्येक शतके झाल्यावर हे घडले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

बाबासाहेबांची चिकित्सा

१३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मगुरूंसह अनेक धर्मांचे प्रतिनिधी बाबासाहेबांना भेटले. ख्रिस्ती धर्माचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. 'अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण' आणि 'धर्मांतरिताची स्थिती' या विषयांवरचे त्यांचे इंग्रजी लेखन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे.

त्या चिकित्सेतील प्रमुख मुद्दे असे. मिशनऱ्यांनी पैसा आणि शक्ती उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर खर्च केली. त्यांनी शिक्षण घेतले, पण धर्म घेतला नाही. अस्पृश्य ख्रिस्ती झाल्यावर मात्र त्याच्या आर्थिक व सामाजिक स्थितीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. धर्मांतरानंतरही जातीची भावना चर्चमध्ये राहिली, विशेषतः दक्षिणेत. आणि सर्वांत मूलगामी मुद्दा पापाच्या कल्पनेविषयीचा आहे. माणसाच्या अधोगतीचे कारण त्याच्याच पापात शोधायला शिकवले की, अन्याय करणाऱ्या समाजव्यवस्थेकडे बोट दाखवायची त्याची सवय सुटते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. ते कारण पीडिताच्याच आत्म्यात ठेवायचे की समाजाच्या रचनेतही शोधायचे, यावर चळवळीची दिशा ठरते.

१९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनावर प्रभाव टाकल्याचे सांगितले. त्याच भाषणात, सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित लढा न दिल्यामुळे ख्रिस्ती समाज राजकीयदृष्ट्या मागे राहिला, असेही त्यांनी त्यांच्या तोंडावर सुनावले. इथे बाबासाहेबांनी ख्रिस्ताचा अनादर केला नाही आणि ख्रिस्ती समाजाला गोंजारलेही नाही. दलित ख्रिस्तींशी बोलताना आपलीही भाषा अशीच असायला हवी.

वेदनेतून उभे राहिलेले ईश्वरविज्ञान

बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाला ख्रिस्ती समाजातून उत्तर यायला बरीच वर्षे लागली. एप्रिल १९८१ मध्ये अरविंद निर्मल या मराठी धर्मचिंतकांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक व्याख्यान दिले. त्यातून दलित ईश्वरविज्ञान नावाचा विचारप्रवाह सुरू झाला असे मानले जाते. त्यांचे म्हणणे असे की, भारतीय ख्रिस्ती विचार आजवर वरच्या जातींतून आलेल्यांनी वेदान्ताच्या भाषेत मांडला. चर्चमधील बहुसंख्यांच्या वेदनेला त्यात जागाच नव्हती.

मग त्यांनी येशूकडे नव्याने पाहिले. सुताराच्या घरी वाढलेला, ज्यांना समाज अशुद्ध म्हणतो त्यांच्या पंगतीला बसणारा, कुष्ठरोग्याला हात लावणारा, मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलून देणारा आणि शेवटी वेशीबाहेर मारला गेलेला येशू हा स्वतः दलित आहे, अशी ती मांडणी होती. इथे क्रूस हा निमूट सोसण्याचा धडा राहत नाही. सत्तेने निरपराध माणसाला कसे ठार केले, याचा तो पुरावा बनतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय चर्चने गुलामगिरी व वर्णद्वेषाविरुद्ध हेच केले होते. गोऱ्यांच्या चर्चमधील अपमानाला कंटाळून रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च संघटित केले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याला बळ मिळाले तेही कृष्णवर्णीय चर्चमधूनच.

इथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. दलित ख्रिस्ती चर्चमध्ये का राहिले? अन्याय दिसत नव्हता म्हणून नव्हे. ते घर त्यांनी बांधले होते, त्यांचे मृत त्या मातीत होते आणि ज्या येशूला ते ओळखत होते तो त्यांच्या बाजूचा होता. घरात कोणी वरचढपणा केला म्हणून प्रत्येकजण घर सोडत नाही. काही जण घरातच भांडतात. बामा बाहेर पडल्या, निर्मल आत राहून भांडले, योहन्नान यांनी वेगळे घर बांधले. तिन्ही मार्ग स्वाभिमानाचेच आहेत.

कायदा काय म्हणतो?

१९५० च्या आदेशात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्र राज्याने बौद्धांना राज्यपातळीवरील सवलती १९६० पासून दिल्या होत्या, पण केंद्रासाठी १९९० उजाडावे लागले. ख्रिस्ती आणि मुस्लीम आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही.

परिणाम काय होतो? दलित ख्रिस्ती तरुणाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती व नोकरीतील आरक्षण मिळत नाही. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभेच्या जागा लढवता येत नाहीत. जातीवरून मारहाण झाली तरी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या तक्रारीवरील खटला याच कारणाने रद्द केला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो.

सर्वोच्च न्यायालयातील तीन निकाल लक्षात ठेवावेत.

सूसाई खटला, १९८५ : मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी योजनेतील मोफत टपरी नाकारली गेली, कारण योजना अनुसूचित जातीसाठी होती. धर्मांतरानंतरही तितक्याच तीव्रतेचे सामाजिक मागासलेपण टिकून आहे, हे पुराव्याने दाखवले गेले नाही, असे म्हणत न्यायालयाने याचिका फेटाळली. रस्ता तोच, काम तेच, पण पुरावा कमी पडला.

के. पी. मनू खटला, २०१५ : ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातील वंशज हिंदू धर्मात परतला आणि मूळ जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळू शकतो. म्हणजे जात कुठेही गेलेली नसते, हे न्यायालयालाही मान्य आहे.

सेल्वरानी खटला, २६ नोव्हेंबर २०२४ : पुदुच्चेरीतील एका महिलेने नोकरीसाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मागितले. ती चर्चला जाते आणि तिचा बाप्तिस्मा झाला आहे, हे पाहून न्यायालयाने दावा फेटाळला. श्रद्धा एक आणि कागदावर दुसरे, हा संविधानाशी केलेला कपट आहे, असा निकालाचा सूर होता. तो संविधान दिनीच आला.

या शेवटच्या निकालातली परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. रविवारी चर्चला जाणारा मुलगा शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' किंवा 'हिंदू मांग' असतो. घरी येशूची तसबीर, फाइलमध्ये वेगळा धर्म. मुलाखतीला जाताना गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत ढकलावा लागतो. आपल्याही आधीच्या पिढीने मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू, अशी कुचंबणा सोसली आहे. श्रद्धा आणि शिष्यवृत्ती यांतून एकाची निवड करायला लावणारी व्यवस्था माणसाला खोटे बोलायला भाग पाडते आणि मग त्यालाच लबाड ठरवते.

न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २००४ पासूनची याचिका सर्वोच्च न्यायालयात रेंगाळली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला, त्याची मुदतही पुढे वाढवली गेली.

दरम्यान, दलित ख्रिस्ती असणे जिवावरही बेतू शकते. ऑगस्ट २००८ मध्ये ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या हत्येनंतर ख्रिस्तींवर हल्ले झाले. चर्च व घरे जाळली गेली, हजारो लोक जंगलात आणि छावण्यांत गेले. त्यातले कितीतरी लोक पाण या दलित समाजातले होते.

नेहमीचे तीन आक्षेप

'ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीचे आरक्षण कशाला?' धम्मातही जात नाही, शीख धर्मातही नाही. तरी दोघांना दर्जा मिळाला, कारण धर्म जात मानत नसला तरी समाज मानतो.

'त्यांच्याकडे शाळा, दवाखाने, परदेशी पैसा आहे.' संस्था चर्चच्या आहेत, वीटभट्टीवर राबणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाच्या नाहीत. नामांकित ख्रिस्ती शाळांचे शुल्क त्या कुटुंबाला परवडत नाही. हा जाब चर्चच्या नेतृत्वाला जरूर विचारावा, पण त्याची शिक्षा मजुराच्या मुलाला देऊ नये.

'आपला वाटा कमी होईल.' ही भीती टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे, त्यात आणखी लोक आले तर ताण येईल. म्हणून मागणी नीट मांडली पाहिजे : दर्जा द्या आणि लोकसंख्येच्या प्रमाणात टक्का वाढवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या संरक्षणासाठी तर कोणाचाही वाटा कमी होत नाही. तेवढी मागणी आपण आजच बिनशर्त उचलून धरू शकतो. १९९० पूर्वी आपल्यालाही हीच 'वाटेकरी' म्हणणारी नजर सोसावी लागली होती, याची आठवण ठेवावी.

बौद्ध तरुणांनी काय करावे?

पहिले, आपल्या गावातील व वस्तीतील दलित ख्रिस्ती कुटुंबांशी ओळख करून घ्या. नगर-जालन्याकडे एकाच भावकीत एक घर बौद्ध आणि एक घर ख्रिस्ती असे आढळते. पणजोबा एकच असतात.

दुसरे, जातीवरून अत्याचाराची घटना घडली तर पीडित ख्रिस्ती आहे म्हणून मागे हटू नका. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नसेल तरी भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवता येतो. पोलीस ठाण्यात सोबत जाणारी माणसे लागतात.

तिसरे, १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत, अभ्यासवर्गात हा विषय घ्या. बाबासाहेबांच्या पाचव्या खंडाचे वाचन ख्रिस्ती तरुणांसोबत करा. त्यांचे म्हणणे ऐका, आपले मतभेद स्पष्ट सांगा. ईश्वर, पाप, प्रार्थना यांविषयी आपण त्यांच्याशी सहमत नाही आणि होण्याची गरजही नाही.

चौथे, १० ऑगस्टला आपल्या शहरात धरणे असेल तर निळा झेंडा घेऊन अर्धा तास तरी तिथे उभे राहा. ज्या परिच्छेदाने आपल्या आजोबांचे हक्क ३४ वर्षे अडवले, त्याच परिच्छेदाविरुद्ध ती माणसे अजून रस्त्यावर आहेत.

जय भीम!